दोन मिलिमीटरचं लूप

सदतीस वर्षं लेथ मशीनवर काढलेल्या त्या गृहस्थांना कारखान्यात कुणी कधी नावानं हाक मारली नाही. सगळे त्यांना मायक्रॉन म्हणायचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि तेवढ्या फरकावरून ते समोरच्याचं डोकं खाऊ शकत. असा माणूस घरी कसा असेल, ते त्यांच्या बायकोला विचारावं. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं आहे की भिंतच तिरकी आहे, हे ठरवायला त्यांनी एकदा पाणसळ आणली होती. भिंत तिरकी निघाली. मग पुढचे आठ दिवस ते घर बांधणाऱ्याच्या नावानं बोटं मोडत होते.

हा माणूस निवृत्त झाल्यावर आपलं काही खरं नाही, अशी बायकोची खात्रीच होती. तिला वाचवलं सुनेनं.

मुलगा जहाजावर नोकरीला, सहा महिने घरी आणि सहा महिने पाण्यावर. त्यामुळे घरात बहुतेक वेळ तिघंच. सून एका प्रयोगशाळेत जिवाणूंवर काम करायची. एके दिवशी ती पिशवीतून एक मोडकं लूप घेऊन आली. लूप म्हणजे दांडीच्या टोकाला बारीक तार आणि तारेच्या टोकाला इवलंसं कडं. ते ज्योतीत लाल करायचं, गार होऊ द्यायचं, मग जिवाणूंच्या पाण्यात बुडवून त्यातला थेंबभर दुसऱ्या नळीत सोडायचा. दिवसभरात शंभर वेळा हेच.

मायक्रॉननी चष्मा वर सरकवून ते लूप पाहिलं आणि त्यांचा चेहरा कडू झाला.

"हे कडं गोल आहे असं कोण म्हणतं?"

"बाबा, बाजारात असंच मिळतं. एक लांबट, एक चपटं. प्रत्येक वेळी थेंब वेगळा येतो."

"ज्यानं केलं, त्याला हात होते की नव्हते?"

झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरची जुनी विजेची शेगडी काढली, तिची कॉइल सोडवली, सरळ केली. दोन मिलिमीटरच्या ड्रिलच्या दांड्यावर तारेचा एकच वेढा घेतला, शेपटाला पाच पीळ दिले आणि ॲल्युमिनियमच्या दांडीत ते पक्कं बसवलं. अशी सहा लूप केली. सहाही जुळी भावंडं. सुनेनं ती प्रयोगशाळेत नेली, तर बाकीचे लोक बघायला जमले म्हणे. हे तिनं घरी येऊन सांगितलं तेव्हा मायक्रॉननी "त्यात काय एवढं" म्हणून मान फिरवली आणि मग बायकोकडून तीच गोष्ट आणखी दोनदा वदवून घेतली.

सुनेचं काम काय, ते त्यांना हळूहळू कळलं होतं, आणि कळल्यावर हसू आवरेना. सगळा जन्म त्यांनी लोखंडात घालवला, आणि सून पगार घ्यायची तो लोखंड दूर ठेवण्याचा.

"जिवाणूंनाही लोखंड लागतं, बाबा," तिनं एकदा जेवताना समजावलं होतं. "त्याशिवाय त्यांना वाढता येत नाही. पण आजूबाजूचं लोखंड बहुतेक गंजून बसलेलं, पाण्यात न विरघळणारं. मग ते अंगातून एक चिकट रेणू बाहेर सोडतात. तो रेणू जातो, लोखंड घट्ट पकडतो आणि परत येतो."

"म्हणजे वसुलीला माणूस पाठवल्यासारखं."

"अगदी तसंच. आमच्या जिवाणूंचा हा वसुलीवाला पिवळा असतो. जांभळ्या दिव्याखाली हिरवट चमकतो. पण गंमत अशी की, आयतं लोखंड मिळालं की ते त्याला पाठवतच नाहीत. भरल्या घरातून बाजाराला कोण जाईल? म्हणून आम्ही त्यांना उपाशी ठेवतो."

"आणि एवढा छळ कशासाठी?"

"तो रेणू फक्त लोखंडच पकडत नाही. तांबं, जस्त, असं बरंच काही पकडतो. मुलामा देणाऱ्या कारखान्यांचं घाण पाणी त्यानं साफ करता आलं तर?"

मुलामा देणाऱ्या खात्यातून बाहेर पडणारं ते निळसर पाणी मायक्रॉननी उभा जन्म नाल्यात जाताना पाहिलं होतं. त्या दिवसापासून सुनेबद्दल त्यांना नुसती माया नव्हती, आदरही वाटायला लागला. बोलून मात्र दाखवला नाही.

तीन आठवड्यांपूर्वी तिनं आणखी लूप मागितली. जुनी वापरून वापरून तुटली होती. मायक्रॉननी उरलेली कॉइल काढली. ती वर्षानुवर्षं तापून कडक झाली होती, जरा वाकवली की तुटायची. पण सगळा दोष तारेचा नव्हता. वर्षभरापासून त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. चहाचा कप धरताना दिसायचा नाही, कारण ते कप अर्धाच भरून घ्यायचे. पण पीळ देताना बोटं ऐकेनात. एक तुटलं, दोन तुटली, पाच तुटली. तार संपली.

दुकानात जाऊन नवी कॉइल आणायची, तर पाच लूप मोडली हे घरात सांगावं लागलं असतं. ते काही त्यांच्या गळी उतरेना. खणात सायकलच्या ब्रेकची जुनी केबल पडली होती. तिच्यातला एक धागा त्यांनी उलगडला. चिवट, लवचीक, थरथरत्या हातालाही दाद देणारा. सात लूप झाली, आणि दिसायला आधीच्यांपेक्षा देखणी.

"तीच तार ना, बाबा?" सुनेनं सहज विचारलं होतं.

"तीच," मायक्रॉन म्हणाले. एवढ्याशा शब्दानं पुढे काय होणार होतं, त्याची त्यांना कल्पना नव्हती. तार ती तार, एवढंच त्यांच्या डोक्यात.

सोमवारी संध्याकाळी सून घरी आली ती चेहरा पाडूनच. जेवायला बसली, पण घास पुढे सरकेना.

"शुक्रवारी आमचं काम तपासायला कमिटी येतेय," ती म्हणाली. "आणि रोज सांगतेय, तीन आठवडे माझ्या नळ्या पांढऱ्याफटक. पिवळं टिपूस नाही. शुक्रवारी काही दिसलं नाही, तर विषय बंद करणार. चार वर्षं पाण्यात."

"अगं, पण असं झालं कशानं?" सासूनं विचारलं.

"कुठून तरी लोखंड शिरतंय. सुईच्या टोकाएवढं पुरतं, आई. पाणी बदललं, क्षार बदलले, काच दोनदा ॲसिडमधून काढली. आता आमच्या प्रमुख मॅडम म्हणतात, काच धुणाऱ्या मावशींचाच निष्काळजीपणा. त्यांनी तारेची घासणी वापरली असणार. उद्या त्यांना तळघरातल्या स्टोअरमध्ये हलवणार आहेत. वीस वर्षं काच धुतायत त्या. मला नाही पटत, पण दुसरं काही सापडतही नाही."

"लोखंडच शोधायचंय ना? मग यांना ने," सासू म्हणाली. "यांचे खिसे धुवायला काढले की निम्मा कारखाना बाहेर पडतो."

सून कित्येक दिवसांनी हसली. मायक्रॉननी मात्र हातातला घास परत ताटात ठेवला.

"लूपचं काय?" त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"लूप? ती तुम्ही केलेली आहेत," सून म्हणाली. "त्यांच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही."

हे वाक्य त्यांच्या काळजाला जाऊन लागलं. तिनं रागानं काही विचारलं असतं तर निदान उलट बोलता आलं असतं.

आता खरं तर तिथल्या तिथे सांगून टाकायचं. पण ज्या माणसानं सदतीस वर्षांत एकही नग परत येऊ दिला नाही, त्याला "मी खोटं बोललो" हे तीन शब्द जड जातात. मायक्रॉननी बेत आखला तो असा: सकाळी नवी कॉइल आणायची, नवी लूप करायची आणि कुणाच्या नकळत अदलाबदल करायची. सांगायची वेळच येणार नाही.

मंगळवारी दुकान उघडायच्या आधीच ते दारात उभे. खिशात चुंबक. हल्लीच्या कॉइलमध्ये लोखंड भरलेलं असतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दुकानातली कॉइल चुंबकाला टक्कन चिकटली. दुसऱ्या दुकानातलीही. तिसरा दुकानदार म्हणाला, "काका, शेगडी पेटवायचीय की लग्न ठरवायचंय? किती पारखताय!" पण त्याच्याकडची कॉइल चुंबकाला चिकटली नाही. पूर्वीसारखी, निकेल आणि क्रोमियमची.

घरी येऊन ते टेबलाशी बसले. पहिलं लूप पीळ देताना सुटलं. दुसरं वाकडं झालं. तिसरं हातातून उडून कपाटाखाली गेलं, ते झाडूनं ओढून काढावं लागलं. चौथं तुटलं. आता दोष द्यायला जुनी तारही उरली नव्हती. मायक्रॉननी चारही तुकडे डबीच्या झाकणात ठेवले आणि बराच वेळ आपल्या हाताकडे बघत बसले. त्यांना त्या हाताचा राग आला, आणि मग रडूच आलं. बायको आतून आली तेव्हा डोळ्यात काहीतरी गेलंय म्हणाले.

मग दुसरा बेत. नवी करता येत नाहीत, तर निदान वाईट लूप तिथून नाहीशी करायची. लूपच नसली की सून बाजारातलं वापरेल, नळ्या पिवळ्या होतील, मावशी सुटतील. सुनेचा जेवणाचा डबा त्या दिवशी घरीच राहिला होता. कसा राहिला ते विचारू नये. सकाळी, अदलाबदलीचा बेत होता तेव्हाच, तो फ्रिजच्या मागे कुणी ठेवला असेल, हे बायकोनं ताबडतोब ओळखलं, आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून गप्प बसली.

डबा घेऊन मायक्रॉन प्रयोगशाळेत पोचले. सून मॅडमच्या खोलीत होती. तिच्या टेबलावर, उभ्या स्टँडमध्ये, सातही लूप एका रांगेत. आजूबाजूला कुणी नाही. त्यांनी ती एकेक करून शर्टाच्या खिशात टाकली. सातवं टाकत होते आणि मागून आवाज आला.

"काय हो, काय खिशात घालताय?"

मावशीच होत्या. एका हातात रबरी हातमोजे, दुसऱ्या हातात स्वतःची खुर्ची. तळघरात जायची तयारी चालली होती.

"मी... डबा द्यायला आलो होतो."

"डबा खिशात मावत नाही, काका." मावशींनी खुर्ची खाली आपटली. "तारेच्या घासणीला वीस वर्षांत हात लावला नाही मी. ॲसिडच्या टबात माझ्या या बोटांची सालं गेली. तरी काल सगळ्यांसमोर मला निष्काळजी ठरवलं. आता तुम्ही लूप पळवा, म्हणजे उद्या चोरही मीच."

आपला खोटेपणा आपल्या अंगाशी येईल, हे मायक्रॉननी गृहीत धरलं होतं. तो दुसऱ्याच्याच अंगावर जाऊन पडला होता, आणि ती बाई समोर उभी होती, वीस वर्षांच्या खुर्चीसकट.

"मावशी," ते म्हणाले, "ती खुर्ची तिथेच राहू द्या. आणि मॅडमना बोलवा. माझ्या सुनेलाही."

दोघी आल्या. त्यांच्या मागून बाकीचीही दहा माणसं आली, कारण मावशींनी बोलावणं जरा मोठ्यानं केलं होतं. मायक्रॉननी सात लूप टेबलावर मांडली, खिशातून चुंबक काढलं आणि जवळ नेलं. सातही टक् टक् करून चिकटली.

"ही तार ब्रेकच्या केबलची आहे," ते म्हणाले. "पोलाद. प्रत्येक वेळी ज्योतीत लाल झालं की त्याची काळी पापडी सुटते. ती नळीत पडते. लोखंड मीच आणलंय इथे. मावशींचा यात काही संबंध नाही. मला सुनेनं विचारलं होतं आणि मी खोटं बोललो."

मॅडमनी चुंबक हातात घेऊन उलटंपालटं पाहिलं.

"लोखंडावर काम करणारे आपण बारा जण," त्या म्हणाल्या, "आणि तीन आठवड्यांत एकालाही चुंबक सुचलं नाही. छान." मग त्या मावशींकडे वळल्या. "मी चुकले. सगळ्यांसमोर बोलले होते, सगळ्यांसमोरच माफी मागते."

"माफी ठीक आहे," मावशी म्हणाल्या, "पण खुर्ची आता तुम्ही आत नेऊन ठेवा."

आणि मॅडमनी ती खरंच उचलली.

सून मात्र हसली नाही. ती मायक्रॉनच्या समोर येऊन उभी राहिली.

"तीन आठवडे, बाबा. मी रोज घरी येऊन सांगत होते."

"लोखंडाचं कालच सांगितलंस, पोरी. पण काल सांगितल्यावरही मी बोललो नाही. ते खरंय."

"तार नव्हती, तर नाही म्हणायचं ना."

"संपली होती," ते म्हणाले. पुढचं त्यांच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. ती खूप रागावली होती, आणि तो राग त्यांना मान्य होता.

संध्याकाळी घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बायकोनं दोनदा हवेचा विषय काढून पाहिला, हवेनंही साथ दिली नाही. मायक्रॉन पुन्हा टेबलाशी जाऊन बसले. पाचवं लूप तुटलं. झाकणात तुकडा पडल्याचा आवाज झाला आणि मागे सून उभी आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. तिनं झाकणातले पाच तुकडे पाहिले. मग त्यांचा हात पाहिला. तो त्यांनी टेबलाखाली घेतला, पण उशीर झाला होता.

तिनं स्टूल ओढलं.

"ड्रिल मी धरते," ती म्हणाली. "तुम्ही वेढा घ्या."

आता हे लक्षात घ्यायला हवं की, या माणसानं आपल्या हत्यारांना कुणाला बोटही लावू दिलेलं नव्हतं. लग्नानंतर बायकोनं एकदा पकडीनं अक्रोड फोडला, तर दोन दिवस अबोला होता. मायक्रॉननी ड्रिल तिच्या हातात दिलं. वेढा त्यांनी घेतला, पीळ तिनं दिले. पहिलंच जमलं.

"लांबट आहे," मायक्रॉन म्हणाले.

"बाबा!"

"लांबट ते लांबटच. परत कर."

आतून बायकोचा मोठ्यानं हसल्याचा आवाज आला. तासाभरात आठ लूप झाली. मायक्रॉननी दोन नापास केली. त्यातल्या एकाला पीळ त्यांनी स्वतः दिले होते, हेही सांगायला हवं.

बुधवारी सकाळी सुनेनं बारा नळ्या भरल्या. सहा नव्या लूपनं, आणि मुद्दाम सहा ब्रेकच्या तारेच्या लूपनं. दोन दिवस ती जरा जास्तच बोलत होती आणि मायक्रॉन जरा जास्तच गप्प होते. कॅलेंडर तिरकं झालं होतं, तरी कुणी ते सरळ केलं नाही.

शुक्रवारी ते तिच्यासोबत गेले आणि पाठीमागे मावशींच्या शेजारी उभे राहिले. कमिटीची तीन माणसं पुढे होती. सुनेनं पडदे ओढले, खोलीतले दिवे मालवले आणि जांभळा दिवा लावला.

डावीकडच्या सहा नळ्या अंधारासारख्याच अंधाऱ्या होत्या. उजवीकडच्या सहा चमकत होत्या. नुकत्याच उगवलेल्या पात्यासारखा तो रंग होता, हिरवट पिवळा, नळीच्या तळापासून वरपर्यंत भरलेला. मायक्रॉनच्या तोंडून "आहा" निघून गेलं. उपाशी ठेवलेल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या त्या जिवांनी एवढी माणसं वसुलीला बाहेर पाठवली होती! मावशींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, ती चांगलीच जोरात बसली.

कमिटीतले एक वयस्कर गृहस्थ बराच वेळ खाली वाकून बघत होते.

"फरक फक्त लूपच्या तारेचा?" त्यांनी विचारलं.

"फक्त तारेचा," सून म्हणाली. "म्हणजे त्यांना किती थोडं लोखंड कळतं, तेही यातून मोजता येईल. ते आता कामात घेतेय."

"घ्याच. काम चालू ठेवा." दिवे लागले. त्यांनी एक नवं लूप उचलून उजेडात धरलं. "हे मात्र सुरेख आहे. अगदी गोल. आमच्याकडे असं एकही नाही. कुणी केलं?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मॅडमनी, मावशींनी, कमिटीनं. अशा क्षणाची मायक्रॉननी सदतीस वर्षं वाट पाहिली होती. कारखान्यात नगाला शाबासकी मिळायची, पण तो कुणी केला असं कुणी विचारलं नव्हतं. "मी" म्हटलं असतं तर सुनेनंही मान डोलावली असती. तिनं आधीच त्यांच्याकडे बोट दाखवायला हात उचलला होता.

"माझ्या हाताला कंप आहे, साहेब," मायक्रॉन म्हणाले. "मला एकट्याला आता नाही जमत. हिनं धरलं, म्हणून झालं."

बोलून झालं आणि त्यांना वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. कुणी हळहळलं नाही, कुणी नजर चुकवली नाही. सून दोन टेबलांमधून वाट काढत त्यांच्याजवळ आली, त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि त्या गृहस्थांना तिथूनच विचारलं,

"किती हवीत तुम्हाला?"